हनिमूनचं पॅकेज बुक करताय? आमचं काय झालं ते आधी वाचा

लग्नाला बारा दिवस राहिले होते तेव्हा आम्हाला कळलं की आमच्या हनिमूनचं बुकिंग मुळात झालेलंच नाहीये. विमानाचं नाही, रिसॉर्टचं नाही, सीप्लेनचं (बेटावर नेणारं, पाण्यावर उतरणारं छोटं विमान) नाही. पैसे मात्र पूर्ण भरलेले. हे लिहायला मला चार महिने लागले कारण खरंच खूप लाज वाटत होती, पण परवा ऑफिसमधली एक मुलगी, तिचं नुकतंच ठरलंय, मला मोबाईलवर तसंच एक हनिमून पॅकेजचं पेज दाखवायला लागली आणि माझ्या पोटात गोळाच आला. म्हणून लिहितेय. मोठं आहे पण पूर्ण वाचा.

लग्नाच्या तयारीत आम्ही दोघांनी कामं वाटून घेतली होती. हॉल, कपडे, फोटोग्राफर, पाहुण्यांची राहायची सोय माझ्याकडे आणि प्रवासाचं सगळं नवऱ्याकडे. ऐकायला छान वाटतं पण चूक तिथेच झाली, कारण पेजची लिंक मी त्याला पाठवली होती त्यामुळे त्याला वाटलं हिने बघितलं असणार, आणि पैसे तो भरत होता त्यामुळे मला वाटलं त्याने चौकशी केली असणार. प्रत्यक्षात दोघांपैकी कोणीच काही बघितलं नव्हतं. आणि मला तरी ती लिंक कुठून आली? एका मैत्रिणीकडून. ‘बघ गं, मस्त पॅकेजेस आहेत’ एवढाच मेसेज. मी धरून चालले की ती त्यांच्याकडून जाऊन आलीये. नंतर विचारलं तर म्हणाली अगं मला पण जाहिरातच दिसली होती, तुझं लग्न आहे म्हणून पुढे पाठवली.

मालदीव ठरलं होतं, फेब्रुवारीतल्या तारखा. तिथे साधारण डिसेंबर ते एप्रिल कोरडा सीझन असतो, म्हणजे ऐन गर्दीचे महिने, आणि हा पेजवाला माणूस आम्हाला इतरांच्या जवळजवळ निम्म्या भावात पाण्यावरचा व्हिला देत होता. तेव्हा कारण पण पटलं, म्हणे एका कपलने कॅन्सल केलंय, त्यांची जागा तुम्हाला देतो, पण उद्यापर्यंतच. आता वाटतं एवढं साधं कसं नाही कळलं. पण लग्नघरात रोज पन्नास निर्णय घ्यावे लागतात आणि एखादा माणूस ‘मॅडम तुम्ही टेन्शन घेऊ नका, ही एक गोष्ट माझ्यावर सोडा’ म्हणाला की खरंच हायसं वाटतं. तो बोलायला इतका अदबशीर होता, तयारी कुठपर्यंत आली विचारायचा, रूम फुलांनी सजवायची का, केकवर दोघांची नावं कशी लिहायची हे सुद्धा विचारलं होतं. म्हणजे त्याला पक्कं माहीत होतं की या दिवसांत आपल्याकडे तपासायला वेळ नसतो.

आमचा विश्वास सगळ्यात जास्त कशाने बसला असेल तर पीएनआरने. पहिला हप्ता भरल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याने विमानाचा सहा अक्षरांचा पीएनआर पाठवला, नवऱ्याने तो थेट एअरलाइनच्या वेबसाइटवर टाकला आणि आमची दोघांची नावं, तारीख, फ्लाइट नंबर, सगळं बरोबर दिसलं. आता यापेक्षा अजून काय खात्री करायची असं कोणालाही वाटेल. तर हे नीट समजून घ्या, पीएनआर म्हणजे तिकीट नाही. एजंट पैसे न भरता सीट काही काळ होल्डवर ठेवू शकतो, तेवढ्यानेच पीएनआर तयार होतो, आणि मुदतीत तिकीट काढलं नाही की ते बुकिंग आपोआप रद्द होतं. तिकीट निघालं की १३ आकडी ई-तिकीट नंबर मिळतो आणि त्यातले पहिले ३ आकडे त्या एअरलाइनचे असतात. तो नंबर आमच्याकडे कधीच नव्हता, आणि असा काही नंबर असतो हेच माहीत नव्हतं तर मागणार कुठून.

दुसरा हप्ता मागितला तेव्हा मी कपड्यांच्या फिटिंगला गेले होते. नवऱ्याचा फोन, की सीप्लेनचे स्लॉट आजच ब्लॉक करायचे आहेत नाहीतर रेट वाढेल, तुझ्या खात्यातून पाठवशील का, माझी लिमिट संपलीये. मी ट्रायल रूममध्ये उभी, अर्धी बाही टाचण्या लावलेली, एका हाताने मोबाईलवर पैसे पाठवले. खात्यावर कंपनीचं नाव नव्हतं, कुणा व्यक्तीचं होतं, आणि पहिल्या हप्त्यापेक्षा वेगळंच. मला दिसलं होतं ते. विचारलं पण होतं, तर उत्तर आलं अकाउंट्सचं वेगळं खातं आहे मॅडम. बाहेर टेलर वाट बघत होता. मी पाठवून दिले.

मग तो बारा दिवस आधीचा दिवस. रात्री जेवणं झाल्यावर मी बाबांना फोनवर व्हाउचर दाखवत होते, वर रिसॉर्टचं नाव, खाली व्हिलाचा मोठा फोटो. बाबांनी चष्मा लावला, फोटो बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, ‘तिथे डोंगर आहे का गं?’

फोटोत व्हिलाच्या मागे हिरवागार, टोकदार सुळक्याचा डोंगर होता. मी तो फोटो निदान शंभर वेळा पाहिला असेल. मालदीवमध्ये डोंगर नाही. जगातला सगळ्यात सपाट देश आहे तो, तिथली नैसर्गिक जमीन सगळ्यात उंच जिथे आहे तिथे सुद्धा समुद्रापासून अडीच मीटरच्या आतच आहे. गूगलवर फोटो टाकून शोधला तर तो निघाला बोराबोराचा, म्हणजे पार पॅसिफिकमधलं फ्रेंच पॉलिनेशिया, आणि तो डोंगर म्हणजे तिथला ७२७ मीटर उंचीचा माउंट ओटेमानू.

तरी मन मानत नव्हतं. म्हटलं चुकून दुसरा फोटो लागला असेल. पण मग सगळंच वाचायला घेतलं आणि एकेक गोष्ट निघत गेली. आमची फ्लाइट मालेला संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पोचणार होती आणि व्हाउचरवर लगेच पुढे सीप्लेन लिहिलेलं. तिथली सीप्लेन फक्त उजेडात उडतात. लांबच्या बेटावर त्याच दिवशी पोचायचं तर विमान दुपारी साधारण साडेतीनपर्यंत उतरायला लागतं, नाहीतर रात्र मालेजवळ काढावी लागते. हे ज्याने एकदा जरी खरं बुकिंग केलंय त्याला माहीत असतंच. बिलात ‘व्हिसा चार्जेस’ लावलेले, आणि मालदीवमध्ये कुठल्याही देशाच्या पर्यटकाला पोचल्यावर ३० दिवसांचा व्हिसा फुकट मिळतो. प्रवासाच्या आधीच्या ९६ तासांत एक ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो, तो सुद्धा सरकारी साइटवर मोफत. त्याचे पण आमच्याकडून घेतले होते.

रात्री साडेअकराला मी रिसॉर्टला मेल टाकला. व्हाउचरवरच्या पत्त्यावर नाही, रिसॉर्टची स्वतःची वेबसाइट शोधून तिथल्या पत्त्यावर. सकाळी सहाच्या आधी उत्तर आलेलं होतं, चार ओळी. या नावाने आमच्याकडे कुठलंही रिझर्व्हेशन नाही, हा कन्फर्मेशन नंबर आमचा नाही, तुम्ही पैसे भरले असतील तर ताबडतोब बँकेशी बोला. पाच मिनिटांचं काम होतं हे. पहिला हप्ता द्यायच्या आधी केलं असतं तर.

एअरलाइनच्या साइटवर पीएनआर टाकला, बुकिंग सापडत नाही. त्या माणसाला फोन केला तर शांतपणे म्हणतो सिस्टीम अपडेट होतेय, संध्याकाळपर्यंत दिसेल. संध्याकाळी त्याचा डीपी गेलेला आणि नंबर बंद.

बँकेने पहिला प्रश्न विचारला, पैसे कधी पाठवले. दुसऱ्या हप्त्याला एकोणीस दिवस झाले होते. पहिल्या काही तासांत कळवलं तर समोरच्या खात्यात पैसे अडवता येतात, इतक्या उशिरा फार काही हाती लागत नाही. शेवटच्या हप्त्यातला थोडा भाग कुठल्यातरी खात्यात गोठवलाय म्हणे, अजून आम्हाला मिळालेला नाही. आणि कार्डाने भरले असते तर निदान चार्जबॅक मागता आला असता, म्हणजे सेवाच मिळाली नाही म्हणून बँकेमार्फत पैसे परत मागायचे, बऱ्याच कार्डांना त्याची मुदत १२० दिवसांच्या आसपास असते. आम्ही कार्ड द्यायला तयार होतो हो, तोच म्हणाला होता कार्डावर जादा चार्ज पडेल, ट्रान्सफर करा. कोणी कार्ड नको म्हणत असेल तर तिथेच थांबा, प्लीज.

अजून दोन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे पासपोर्टच्या कॉप्या, त्या आमच्या दोघांच्या त्याच्याकडे आहेत आणि हे मला पैशांपेक्षा जास्त सलतं. आता मी कुठेही कॉपी देताना त्यावर आडवं लिहून देते की कोणाला, कशासाठी आणि कुठल्या तारखेला दिली. दुसरं, पोलिसात तक्रार केल्यावर आठवड्याभरात एका ‘रिकव्हरी एजंट’चा मेसेज आला की तुमचे पैसे सापडलेत, प्रोसेसिंग फी भरा की लगेच परत मिळतील. आमची रक्कम त्याला अचूक माहीत होती. नवरा भरायला निघाला होता, इतका तो हवालदिल झाला होता, मी अक्षरशः त्याच्या हातातून फोन काढून घेतला. असे मेसेज फसलेल्या माणसालाच येतात, पुन्हा फसवायला.

सगळ्यात जड गेलं ते ताईंना सांगणं. ताई म्हणजे माझी नणंद. हनिमून त्यांच्याकडून भेट होती, वर्षभर बाजूला टाकलेले पैसे होते त्यांचे. आम्ही आधी ठरवलं होतं लग्न होईपर्यंत बोलायचंच नाही, पण दोन दिवसांत नवऱ्याला रडू आवरेना आणि त्याने सांगून टाकलं. ताई ऐकून गप्पच झाल्या. मग उठून माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, ‘तू जेवलीस का गं काल?’ मी जेवले नव्हते. त्यांनी पुढे होऊन घरातल्या सगळ्यांना स्वतः सांगितलं, आणि कोणाला एक शब्द आम्हाला बोलू दिला नाही. लग्न नीट पार पडलं. मी त्या दिवशी मनापासून हसू शकले ते केवळ त्यांच्यामुळे.

फिरायला अजून गेलेलो नाही. जाऊ तेव्हा विमान एअरलाइनच्या साइटवरून आणि राहायचं थेट रिसॉर्टकडून, हे ठरलंय.

ते पेज महिनाभराने नाव बदलून परत सुरू झालं. डोंगराचा तोच फोटो. मी दर वेळी रिपोर्ट करते, कधी जातं, कधी जात नाही. गेल्या आठवड्यात त्याखाली एका मुलीने विचारलं होतं, आमचं पुढच्या महिन्यात लग्न आहे, तारखा मिळतील का. मी तिला लगेच मेसेज केला, रिसॉर्टने मला पाठवलेल्या मेलचा फोटो पण जोडला. तिने अजून उघडलेला नाही, रोज बघते मी.