बंद पडलेला राउटर: आधी टीएफटीपी की थेट सिरीयल?

राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त, लिनक्सवर आधारलेली प्रणाली) टाकताना मध्येच वीज गेली आणि आता राउटरचा दिवा नुसता लुकलुकतोय? लगेच भंगारात काढू नका. बूटलोडर, म्हणजे राउटर चालू होताच सगळ्यात आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम, शाबूत असेल तर परतीच्या दोन वाटा आहेत: टीएफटीपी, म्हणजे लॅन केबलवरून फाइल पाठवायची साधी पद्धत, आणि सिरीयल, म्हणजे बोर्डावरच्या पिनांना तारा जोडून बूटलोडरशी थेट बोलणं.

टीएफटीपीसाठी राउटर उघडावा लागत नाही. बूटलोडरला अपेक्षित असलेला आयपी कॉम्प्युटरला द्यायचा, लॅन केबल जोडायची आणि रीसेट बटण दाबून धरून राउटर चालू करायचा. काही मॉडेल ठरलेल्या नावाची फर्मवेअर फाइल (राउटरवर टाकायची प्रणाली) स्वतः मागतात, काहींना ती आपण पाठवायची. नाव एका अक्षराने चुकलं तरी काहीच घडत नाही, आणि का ते कळतही नाही. फायरवॉल तेवढ्यापुरती बंद ठेवा. टीएफटीपी ज्यावरून चालतं ते यूडीपीचं ६९ नंबरचं पोर्ट बहुधा तिथेच अडतं.

सिरीयलला मेहनत जास्त. झाकण उघडून बोर्डावर सिरीयल पिनांची जागा शोधायची, बऱ्याचदा पिना सोल्डर करायच्या. यूएसबी-टीटीएल अडॅप्टर (कॉम्प्युटरचं यूएसबी आणि या पिना जोडणारा) बहुतेक बोर्डांना ३.३ व्होल्टचा लागतो; ५ व्होल्टने चिप जळू शकते. टीएक्स (पाठवणारी पिन) आरएक्सला (घेणारी पिन), आरएक्स टीएक्सला, ग्राउंड ग्राउंडला, आणि व्हीसीसी (वीजपुरवठ्याची पिन) मोकळी सोडायची. वेग अनेकदा ११५२०० बॉड. पण एकदा जोडलं की चेकसम (फाइल अखंड आहे का ते तपासणारा आकडा) चुकलाय, का कर्नल (प्रणालीचा गाभा) सापडतच नाही, हे ओळीओळीने समोर दिसतं. हे सुख टीएफटीपीत नाही.

माझा कौल: टीएफटीपी दोन-तीनदा नीट करून पाहा, मगच स्क्रू ड्रायव्हर हातात घ्या. बूटलोडरच पुसला गेला असेल तर मात्र फ्लॅश चिपला (जिथे हे सगळं साठवलेलं असतं) क्लिप लावून बहुधा प्रोग्रॅमर नावाच्या उपकरणानेच लिहावं लागतं.