आईसाठी हातानं केलेलं चष्म्याचं घर: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

चामड्याचं चष्म्याचं घर आईच्या हातात देऊन आता बरेच महिने झाले. दिवसातून कितीतरी वेळा ते उघडतं, मिटतं, पिशवीत किल्ल्यांबरोबर घासतं, रात्री उशाशी असतं. नवं होतं तेव्हा बघणाऱ्यांनी झाकणावरच्या नक्षीचं कौतुक केलं. आईला रोज उपयोग होतो तो मात्र चामड्याच्या निवडीचा, शिवणीचा आणि सगळ्यांत जास्त झाकण उघडण्याच्या सोयीचा. कुणाच्या मनात आपल्या माणसासाठी असं काही करायचं असेल, तर जीव ओतायचा तो इथे.

चामडं घेतलं ते व्हेज टॅन, म्हणजे वनस्पतींतल्या टॅनिन या तुरट द्रव्यानं कमावलेलं, साधारण २ मिलिमीटर जाडीचं. रोजच्या वस्तूंत दिसणारं बहुतेक चामडं क्रोमनं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. ते मऊ असतं, पाण्याला सहसा दाद देत नाही, पण ओलं करून दिलेला आकारही धरून ठेवत नाही. बाभळीची साल, हिरडा अशांच्या टॅनिननं कमावलेलं चामडं ओलेपणी हवं तसं वळतं आणि वाळल्यावर त्याच आकारात ताठ राहतं. चष्म्याच्या घराला नेमकं हेच लागतं. पिशवीत वरून वजन पडलं तरी काचांवर दाब येता कामा नये. एवढ्या महिन्यांत समोरची फुगीर बाजू कुठेही बसलेली नाही. अर्थात धातूच्या डबीइतकी ती टणक नाही. अंगाखाली आली तर वाचवेल असं मी म्हणणार नाही.

आकारासाठी आधी लाकडाचा साचा केला. मिटलेल्या चष्म्याची लांबी, रुंदी आणि जाडी मोजून तिन्हींत थोडी जागा वाढवली, कारण आतून अस्तरही बसवायचं होतं. चामडं पूर्ण भिजवलं आणि लगेच हात न लावता त्याचा मूळ फिकट रंग कडेनं परत दिसू लागेपर्यंत थांबले. साच्यावर ओढून बसवायची खरी वेळ तीच. ते वाळवायचं सावलीत. उष्णतेनं ओलं चामडं आक्रसतं आणि ठिसूळ होतं, म्हणून हेअर ड्रायरची घाई टाळलेली बरी.

अस्तराला बकरीचं पातळ, गुळगुळीत चामडं लावलं. मखमलीसारखं सुएड दिसायला सुंदर असतं, पण त्याच्या लवेत धुळीचे कण अडकतात, आणि आताच्या प्लॅस्टिकच्या काचांना ओरखडे पडतात ते अशाच कणांनी. गुळगुळीत अस्तर कोरड्या फडक्यानं पुसलं की झालं. आईच्या काचा अजून स्वच्छ आहेत.

आता झाकण. आईची बोटं सकाळी आखडलेली असतात. टिचबटणाला दाबायलाही जोर लागतो आणि ओढायलाही. म्हणून बटणच ठेवलं नाही. झाकणाचं टोक निमुळतं करून जिभेसारखं पुढे आणलं आणि ती जीभ समोरच्या आडव्या पट्टीखाली सरकवायची अशी रचना केली. सुरुवातीला ती घट्ट जायची. वापरता वापरता चामडं लवचीक झालं आणि आता आई एका अंगठ्यानं, न बघता उघडते. जिभेची मागची बाजू मुद्दाम खरखरीत ठेवली होती, तिथे घर्षण राहतं, त्यामुळे सैल होऊनही झाकण आपोआप निसटत नाही. ते उघडताना तिला पाहिलं की सगळी मेहनत कारणी लागल्यासारखी वाटते.

शिवण दोन सुयांची: आरीनं भोकं पाडायची आणि एकाच दोऱ्याची दोन्ही टोकं प्रत्येक भोकातून समोरासमोर काढायची. दोरा शिवणीच्या लांबीच्या चौपट घ्यावा, वर हातात धरायला थोडा जास्त. वेळ फार जातो, पण या टाक्यांचा गुण आता दिसला. किल्ल्यांनी घासून कोपऱ्यात एका टाक्याचा धागा तुटलाय, तरी शिवण उसवलेली नाही, कारण त्याच भोकातून गेलेला दुसरा धागा धरून आहे. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत फक्त अडकलेले असतात. तिथे एक तुटला की शेजारचे टाके सुटत जाण्याची भीती असते. दोऱ्याचा रंग मात्र फिकट नको. आमचा मोतिया दोरा मळून करडा झालाय.

कडा पॉलिश पेपरनं घासून, गोंद लावून, लाकडानं रगडून चकचकीत केल्या होत्या. पट्टीजवळची कड पुन्हा रगडावी लागली, बाकीच्या अजून छान आहेत. कोरलेली नक्षी अंगठ्याखाली पुसट झालीय, आणि त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही.

रंगाबद्दल सांगायलाच हवं. गव्हाळ चामडं उजेडानं आणि हाताच्या तेलानं तपकिरी झालंय, अंगठ्याच्या जागी सर्वांत गडद. पाण्याचे थेंब पडले की डाग उठतात. अशा वेळी तो पूर्ण भाग ओल्या फडक्यानं सारखा पुसून सावलीत वाळवला की ते बरेच फिके होतात. ओल्या लोखंडाशी गाठ पडू देऊ नका, टॅनिनमुळे काळे डाग पडतात आणि ते सहज जात नाहीत. तेल क्वचित आणि अगदी थेंबभर. जास्त झालं तर चामडं मऊ पडून आकार ढिला होतो.

उणीव एकच मोठी आहे. हे घर एकाच चष्म्याच्या मापाचं आहे, उद्या आईनं मोठी फ्रेम घेतली तर ती यात बसणार नाही. बाबांनीही आता असंच घर मागितलंय. त्यांची फ्रेम रुंद आहे, त्यामुळे साचा नवा लागेल, आणि दोरा या वेळी गडद तपकिरी.