वॉरंटीतल्या गाडीच्या दुरुस्तीचे पैसे मालकाकडून असे काढले जातात

कॉम्पॅक्ट एसयूव्ही वर्ष-दीड वर्षाची, १२-१५ हजार किलोमीटर चाललेली. पुढून टकटक यायला लागते. सर्व्हिस सेंटरमध्ये सांगतात, ‘या मॉडेलला एवढा आवाज असतोच, काळजी करू नका.’ मालक मुकाट्याने गाडी घेऊन घरी येतो. जॉब कार्डवर (गाडी देताना तक्रार आणि काम लिहितात तो कागद) मात्र ‘जनरल चेकअप’ एवढंच लिहिलेलं असतं, आवाजाचा एक शब्दही नसतो. वॉरंटी संपल्यावर तीच गाडी त्याच आवाजासाठी पुन्हा जाते आणि मग लिंक रॉड, बुश (सांध्यातलं रबर), अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) असं सगळं बिलात चढतं. ‘आधी सांगितलं होतं’ म्हणायला कागदच नसतो.

असं का होतं, हे कळलं की सावध राहता येतं. वॉरंटीच्या कामाचे तास कंपनी ठरवून देते, जुना भाग जपून ठेवावा लागतो, दोष सिद्ध करावा लागतो. मालकाच्या खिशातून होणाऱ्या कामात ही कटकट नाही. त्यामुळे तक्रार कागदावर न येणं हे समोरच्याच्या सोयीचं असतं.

तक्रार नेमकी लिहून घेतली की टाळणं अवघड होतं. ‘आवाज येतो’ एवढ्याने काही साधत नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं की टकटक येते, पण दोन्ही पुढची चाकं एकदम गतिरोधकावर चढली की येत नाही, तर संशय स्टॅबिलायझर बारच्या (डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या) लिंक रॉडवर जातो. दोन्ही चाकं बरोबर उचलली गेली की तो बार पिळला जात नाही. ब्रेक मारताना किंवा रिव्हर्समधून पुढे निघताना एकच जड ठोका बसला तर लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बुश बघायला लावा. उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना स्प्रिंग ‘टण्’ करत असेल, तर शॉकअपच्या (शॉक अब्सॉर्बरच्या) वरचं माउंट किंवा बेअरिंग. वेग, रस्ता, कुठली बाजू, गाडी थंड की गरम, हे सगळं जॉब कार्डवर घाला आणि ट्रायलला मेकॅनिकला शेजारी बसवा. अर्थात त्याआधी टायरची हवा बघा. नव्या गाड्या वाहतुकीसाठी जास्त हवा भरून येतात आणि कधी कधी ती तशीच राहते. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरचा आकडा प्रमाण मानायचा.

लिंक रॉड बदलला म्हणून अलाइनमेंट बिघडत नाही, तरी ते बिलात घातलं जातं. शॉकअप, लोअर आर्म किंवा टाय रॉड (स्टीअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा) उघडला असेल तर अलाइनमेंट रास्त आहे. तेव्हा मशीनच्या मापांचे, आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही प्रिंट मागा. पुष्कळ गाड्यांत पुढे फक्त टो (वरून पाहता चाक आत-बाहेर वळलेलं असण्याचा कोन) बदलता येतो, कॅम्बरची (समोरून पाहता चाकाच्या कलण्याची) सोयच नसते. तिथे ‘कॅम्बर सेटिंग’चे पैसे लावले असतील तर दोन्ही प्रिंटमधले कॅम्बरचे आकडे ताडून बघा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी पुढची दोन चाकं डावी-उजवी अदलाबदल करायला सांगा (टायर ठरावीक एकाच दिशेने फिरायला बनवलेले असतील तर हे करू नका). ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा आहे.

लोअर आर्मचा बुश बदलून सहा महिन्यांत पुन्हा वाजायला लागला, तर पुष्कळदा नव्या बुशचा दोष नसतोच. गाडी लिफ्टवर लटकत असताना बोल्ट पूर्ण आवळला की रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच बोल्ट शेवटचा घट्ट आवळायचा असतो. अशा वेळी ‘रस्ते खराब आहेत’ हे उत्तर पुरेसं मानू नका.

आता बॅटरी. सगळ्यात सफाईने फसवणूक इथे होते. स्टार्ट-स्टॉपच्या गाडीत सिग्नलला इंजिन आपोआप बंद होईनासं झालं की ‘बॅटरी गेली’ म्हणतात. टेस्टरमध्ये बॅटरीचा प्रकार आणि सीसीए रेटिंग (थंडीत इंजिन सुरू करायला बॅटरी किती करंट देते तो आकडा) भरावं लागतं. बॅटरीवर छापलेल्यापेक्षा मोठा आकडा भरला की चांगली बॅटरीही नापास होते. म्हणून आधी बॅटरी पूर्ण चार्ज करायला लावा, मग समोर उभं राहून टेस्ट बघा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. छोट्या छोट्या फेऱ्यांमुळे ती अर्धीच राहते, चार्जिंगने सुधारते. डॅशकॅमची काळी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला लावली असेल तर तिथला बॅटरीचा सेन्सर डॅशकॅमचा करंट मोजतच नाही. ती बॉडीच्या अर्थ पॉइंटला हवी. बदलायचीच वेळ आली तर पहिली ईएफबी असेल तर ईएफबी, एजीएम असेल तर एजीएमच (हे स्टार्ट-स्टॉपच्या गाड्यांतले बॅटरीचे दोन प्रकार). साधी बॅटरी बसवून महागड्या बॅटरीचे पैसे लावले जातात, म्हणून बॉनेट उघडून बॅटरीवरचं लेबल वाचा.

इंजेक्टर क्लीनिंग, इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग: २० हजार किलोमीटरला हे मॅन्युअलच्या वेळापत्रकात आहे का, एवढंच विचारा. नसेल आणि गाडी नीट चालत असेल, तर नको म्हणा.

ब्रेक पॅड ‘संपत आलेत’ म्हणाले तर मिमी विचारा. नव्या पॅडचं अस्तर साधारण १० ते १२ मिमी असतं, ३ मिमीच्या आसपास बदलतात; मागची लोखंडी पट्टी त्यात धरायची नाही. पहिल्या सकाळच्या ब्रेकला खरखर येते ती डिस्कवरच्या ओलसर गंजाची, दोन-तीन ब्रेकनंतर जाते.

टर्बो पेट्रोलमध्ये डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर गेलं असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर नुसतं ऑइल बदलून, पैसे घेऊन गाडी परत देऊ देऊ नका. ही वाढ जॉब कार्डवर तक्रार म्हणूनच गेली पाहिजे. बिलातले लिटर मॅन्युअलमधल्या, फिल्टरसह दिलेल्या आकड्याशी जुळवा.

इंजिनचा दिवा लागला तर स्कॅनरवर दिसणारा दोषाचा कोड पुसण्याआधी त्याचा नंबर आणि किलोमीटर लिहून घ्या. कोड कुठला भाग गेला ते सांगत नाही, कुठलं मोजमाप चुकलं ते सांगतो. ऑक्सिजन सेन्सरचा कोड तुटलेल्या वायरीनेही येतो.

बाहेरून हॉर्न किंवा दिवे बसवताना वायर कापली असेल तर त्या सर्किटची वॉरंटी नाकारायला निमित्त मिळतं, म्हणून वायर न कापता कपलरवरचंच (प्लगसारख्या जोडावरचंच) काम करून घ्या. पण त्याच कारणाने सस्पेन्शनचा (शॉकअप, लोअर आर्म, बुश यांचा) क्लेम नाकारला तर नकाराचं कारण लेखी मागा.

गाडी देताना एअर फिल्टर आणि एसी फिल्टरच्या कडेला पेनाने बारीक खूण करा. बिलात बदललेला दाखवलेला फिल्टर त्याच खुणेसह परत आला, तर काउंटर सोडण्याआधी फोटो काढा आणि बिल दुरुस्त करून घ्या. दोष ‘सापडला नाही’ म्हणाले तरी जॉब कार्डवर तुमची तक्रार, ‘दोष आढळला नाही’ हे शब्द, तारीख, किलोमीटर आणि सर्व्हिस ॲडव्हायझरची (गाडी घेणाऱ्या माणसाची) सही हवीच. पुढे वॉरंटी संपल्यावर तोच भाग गेला, तर क्लेम याच कागदावर उभा राहतो.