सॅम रेमी यांचे चित्रपट पाहताना सुरुवात कुठून करावी?

अमेरिकन दिग्दर्शक सॅम रेमी यांच्या भयपटांपासून सुरुवात करावी की सुपरहिरोपटांपासून, असा प्रश्न पडला की निवड बहुधा दोन चित्रपटांवर येऊन थांबते: 1987 चा 'ईव्हिल डेड 2' आणि 2004 चा 'स्पायडर-मॅन 2'. मी हे दोन्ही चित्रपट घरी वेगवेगळ्या क्रमाने दाखवून पाहिले आहेत.

'स्पायडर-मॅन 2' अधिक परिपक्व आहे, हे मान्यच करावे लागेल. रेल्वेगाडी थांबवून शुद्ध हरपलेल्या पीटरला, म्हणजे स्पायडर-मॅनला, प्रवासी हातांवर झेलून आत घेतात, त्या प्रसंगी माझा गळा आजही दाटून येतो. अडचण आहे ती मागच्या-पुढच्या कथेच्या ओझ्याची. नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी पुतण्याला मी थेट हाच भाग दाखवला, तेव्हा पीटरचा मित्र हॅरी याचा राग समजावून सांगण्यासाठी चित्रपट पुन्हा पुन्हा थांबवावा लागला, आणि शेवटी आरशासमोरच्या प्रसंगात हॅरीच्या कथेचा धागा तिसऱ्या भागासाठी राखून ठेवलेला पाहून तो हिरमुसला. 2022 मध्ये रेमी यांचाच 'डॉक्टर स्ट्रेंज इन द मल्टिव्हर्स ऑफ मॅडनेस' चित्रपटगृहात पाहताना तर त्यातील वांडा या पात्राची मुले खरी की कल्पनेतली, हे पत्नीला कुजबुजत सांगण्यात चांगले प्रसंग निसटले, कारण त्याचे उत्तर 'वांडाव्हिजन' या मालिकेत होते.

'ईव्हिल डेड 2' पाहताना असे काही सांगावे लागत नाही. पहिल्या 'ईव्हिल डेड'मधील दृश्ये वापरण्याचे हक्क हाती नसल्यामुळे रेमी यांनी ती कथा आरंभीच्या काही मिनिटांत नव्याने चित्रित केली, आणि त्या अडचणीतूनच स्वतःच्या पायावर उभा राहणारा, जेमतेम दीड तासाचा चित्रपट तयार झाला. पछाडलेल्या स्वतःच्याच हाताशी झुंजणारा नायक ॲश पाहताना हसावे की घाबरावे, हे कळेनासे होते. पहिल्या भागाच्या वेळी तर फळीवर कॅमेरा बसवून, ती फळी दोघांनी दोन टोकांना धरून जंगलातून धावत त्यांनी अदृश्य शक्तीची चाल पडद्यावर आणली होती. दादासाहेब फाळके यांनी ज्या नाशिकमध्ये हातच्या साधनांनी पडद्यावर चमत्कार घडवले, तेथील प्रेक्षकाला हे कसब अधिक जवळचे वाटावे, असे मला वाटते.

रक्तपात मात्र भरपूर आहे. लहान मुलांसोबत किंवा जेवताना तो पाहू नये. ज्यांना तो सोसवत नाही, त्यांनी 'स्पायडर-मॅन'कडे वळणेच योग्य.

तरीही 'ईव्हिल डेड 2' आधी पाहण्याचा एक लाभ सांगितलाच पाहिजे. 'स्पायडर-मॅन 2' मध्ये शस्त्रक्रियेच्या खोलीत खलनायक डॉक्टर ऑक्टोपसचे यांत्रिक हात जागे होतात आणि एक डॉक्टर करवतीकडे झेपावतो, तेव्हा जुना भयपटकारच पुन्हा कामाला लागल्याचे ओळखू येते; पुतण्याला ती ओळख पटली नव्हती. त्यामुळे शनिवारी रात्री 'ईव्हिल डेड 2' पाहावा, आणि रविवारी 'स्पायडर-मॅन 2' लावण्यापूर्वी 2002 च्या पहिल्या भागासाठी दोन तास राखून ठेवावेत.