दोघांसाठी तीन माणसांचा टेंट: 10 महिने आणि 22 रात्रींनंतर

टेंटच्या पिशवीवर ‘2 पर्सन’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ इतकाच की दोन माणसं शेजारी शेजारी आडवी होऊ शकतात. ती माणसं केवढी, त्यांच्या मॅट केवढ्या, सॅक कुठे ठेवायच्या, रात्री एकाला उठायचं असेल तर दुसऱ्याला ओलांडून जावं लागेल का, यातलं काहीच त्या आकड्यात नसतं. मला हे एक टेंट विकून दुसरा घ्यावा लागला तेव्हा नीट कळलं, म्हणून मापांसकट लिहिते आहे.

आम्ही नाशिकचे. मी, नवरा आणि 9 वर्षांची लेक. माझी उंची 160 सेंटीमीटर, नवऱ्याची 183. ट्रेक बहुतेक दोघांचे. शाळेला सुट्टी असली की लेकही येते. सामान स्वतःच्या पाठीवर, त्यामुळे वजन बघणं आलंच.

पहिला टेंट वजन बघूनच घेतला होता. पेग (जमिनीत ठोकायचे खुंटे), दोऱ्या, पिशव्या सगळं धरून 1.4 किलो. दुकानात उभा केलेला होता, दोघं आत जाऊन बसलो, छान वाटला. तळाची लांबी 215 सेंटीमीटर, रुंदी डोक्याकडे 132 आणि पायाकडे 107. बरेच हलके टेंट पायाकडे असे निमुळते असतात, तेवढंच कापड आणि वजन वाचतं. आता आमचं गणित बघा. माझी मॅट 51 सेंटीमीटर रुंद, नवऱ्याचे खांदे रुंद म्हणून त्याची 64 ची. बेरीज 115. पायाकडची जागा 107. म्हणजे एका मॅटची कड इनरच्या, म्हणजे टेंटच्या आतल्या थराच्या, कापडावर चढणार किंवा दोन्ही मॅट एकमेकींवर चढणार, तिसरा मार्ग नाही. रात्रभर एक बाजू उचललेल्या मॅटवरून मी घसरत राहायचे.

लांबीचा त्रास त्याहून मोठा होता. 183 सेंटीमीटरच्या माणसाला 215 पुष्कळ झाले असं कागदावर वाटतं. पण झोपल्यावर पावलं सरळ राहत नाहीत, पुढे कलतात, आणि डोक्यापासून बोटांपर्यंतची लांबी उभ्या उंचीपेक्षा जास्त भरते. वर स्लीपिंग बॅगची जाडी. शिवाय डोमच्या, म्हणजे घुमटासारख्या टेंटच्या, भिंती सरळ नसतात, जमिनीपासूनच आत झुकतात. मी मोजलं तेव्हा जमिनीपासून 25 सेंटीमीटर उंचीवर आमचा टेंट दोन्ही टोकांना 12-12 सेंटीमीटर आत आलेला होता. म्हणजे 8 सेंटीमीटर जाड मॅटवर झोपलेल्या माणसाच्या डोक्याच्या आणि पायाच्या पातळीला उरले 191. त्याच्या स्लीपिंग बॅगचं पायाकडचं टोक रोज सकाळी ओलं असायचं. आम्ही आधी टेंट गळतो म्हणून शिवणी तपासत बसलो. गळत काहीच नव्हतं. श्वासातली वाफ गार फ्लायवर, म्हणजे इनरवरच्या बाहेरच्या पावसाळी कापडावर, आतून जमत होती आणि पायाच्या दाबाने इनर फ्लायला टेकला की ते पाणी बॅगेत उतरत होतं.

तो टेंट 168 सेंटीमीटर उंचीच्या, एकटा फिरणाऱ्या एका कॉलेजच्या मुलाला विकला. तो त्यावर खूश आहे, सॅकसुद्धा आत घेऊन झोपतो. टेंट चांगलाच होता, फक्त आमच्या मापाचा नव्हता.

दुसऱ्या वेळी खरेदीच्या आधी हॉलमध्ये चिकटपट्टी घेऊन बसलो. ज्या ज्या टेंटचा विचार चालला होता त्याच्या तळाचं माप फरशीवर आखलं, निमुळता असेल तर निमुळतं आखलं. मॅट फुगवून त्यात टाकल्या, स्लीपिंग बॅगमध्ये शिरून प्रत्यक्ष झोपलो. मग भिंतीला पाठ टेकून मॅटवर बसलो आणि डोक्यापर्यंतची उंची मोजली. नवऱ्याची 99 भरली. जुन्या टेंटची आतली उंची 100 होती आणि तीसुद्धा बरोबर मधल्या एका बिंदूवर. दोघांनी एका वेळी ताठ बसायचा प्रश्नच नव्हता, आणि पाऊस लागला की टेंटमध्ये माणूस झोपतो कमी, बसतो जास्त. एका संध्याकाळच्या या खटाटोपात बाद झालेले टेंट सहा. त्यातले चार ‘2 पर्सन’ होते.

शेवटी घेतला तो तीन माणसांचा. तळ 220 बाय 170, दोन्ही टोकांना सारखीच रुंदी, आतली उंची 115, दोन बाजूंना दोन दारं आणि प्रत्येक दाराबाहेर फ्लायखाली 70 सेंटीमीटरची पडवी. व्हेस्टिब्यूल म्हणतात तिला, आमच्या घरात पडवीच म्हणतात. अॅल्युमिनियमचे पोल. सगळं धरून 2.25 किलो. लांबी जुन्यापेक्षा फक्त 5 सेंटीमीटर जास्त, पण टोकाच्या भिंती बऱ्याच उभ्या आहेत, आणि नवऱ्याच्या पायाला ओल लागणं बंद झालं ते त्यामुळे. तुमची उंची सहा फुटांच्या आसपास असेल तर नुसत्या लांबीच्या आकड्यावर जाऊ नका, भिंत किती झुकते ते बघा.

वजनाबद्दल सगळे विचारतात. 850 ग्रॅम वाढले, दोघांत वाटले तर माणशी 425. पोल आणि फ्लाय नवऱ्याकडे, इनर आणि पेग माझ्याकडे. अर्ध्या लिटर पाण्याहून कमी वजन आणि रात्रभर सपाट पाठ. मला तरी हा सौदा पटला. लेक आली की 51, 64 आणि 51 मिळून 166 होतात आणि 170 मध्ये तिन्ही मॅट भिंतीला न चढता बसतात. सॅक पडवीत.

आता सह्याद्रीतली गोष्ट. पहिला मुक्काम नोव्हेंबरात भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी. रात्री दव इतकं पडलं की सकाळी फ्लायच्या आतून थेंब गळत होते. मोठ्या टेंटमध्ये वाफ जमत नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, जमतेच. फरक एवढा की आपलं अंग त्या ओल्या कापडाला लागत नाही. दुसऱ्या दिवशी पाण्यापासून वर थोड्या उंचवट्यावर सरकलो, दोन्ही पडव्यांची दारं अर्धी उघडी ठेवली, आणि ओल बरीच कमी झाली.

डिसेंबरात पाचनईवरून हरिश्चंद्रगड. इथे मोठ्या टेंटची अडचण पहिल्यांदा समोर आली. 170 अधिक दोन बाजूंच्या 70-70, म्हणजे आडवं माप 310 सेंटीमीटर. गडावर सव्वातीन मीटरची सपाट, दगड नसलेली जागा शोधायला पाऊण तास गेला. आतला 220 बाय 170 चा तुकडा सपाट मिळाला तर पडव्या गवतावर किंवा उतारावर गेलेल्या चालतात, हे तिथेच शिकलो. आम्ही कोकणकड्याजवळ जागा बघत होतो तेव्हा पाचनईचे एक मामा थांबले. ‘ताई, हितं नका लावू. रातच्याला वारं खालून वर येतंय, पाल उचलून नेईल.’ कोकणातून येणारा वारा त्या अंतर्वक्र कड्याला धडकून वर उसळतो, आणि टेंट जेवढा उंच आणि रुंद तेवढं त्याला धरायला कापड जास्त. मामांनी दाखवलेल्या आडोशाला, मंदिराच्या बाजूला आत गेलो. मध्यरात्री कड्याकडून येणारा आवाज ऐकून त्यांचे मनातल्या मनात आभार मानले. आदल्या टेंटपेक्षा हा 15 सेंटीमीटरच उंच आहे, पण वाऱ्यात तो फरक जाणवतो.

पेग हा आपल्याकडचा वेगळाच विषय आहे. काळ्या बेसॉल्टवर मातीचा थर वीतभरही नसतो, पेग चार बोटं जातो आणि वाकतो. डोम स्वतःच्या पोलवर उभा राहतो हे खरं, पण पडव्या ताणल्याशिवाय उघडत नाहीत आणि या टेंटला ताणायला दहा ठिकाणं लागतात. दोरी थेट दगडाला बांधू नका, घासून तुटते. दोरीच्या फासात वीतभर लांबीची जाड काठी अडकवायची, काठी जमिनीवर आडवी ठेवायची आणि तिच्यावर दगड रचायचे. सुट्या दोऱ्या मी नेहमी सहा जास्तीच्या ठेवते.

जानेवारीत साल्हेर, 1567 मीटर. थंडी चांगलीच होती. मोठ्या टेंटमध्ये जास्त गार वाटतं असं ऐकलं होतं. तीन माणसं असताना तसं काही जाणवलं नाही. दोघंच असताना मोकळ्या बाजूने थोडं वाटलं, तिथे सॅक आडव्या लावल्या की संपलं. थंडी मुख्यतः खालून येते, आणि ती मॅट थांबवते. मे महिन्याच्या अखेरीस मनालीजवळ धुंडीवरून बकरथाचला गेलो, बियास कुंडाच्या वाटेवर, साधारण 3300 मीटर. रात्री तापमान शून्याच्या जवळ. दुपारी दोनला पाऊस सुरू झाला तो सातपर्यंत. पाच तास आम्ही तिघं आत बसून पत्ते खेळलो, लेकीने गृहपाठाची वही संपवली, एका पडवीत भिजलेले बूट आणि दुसरी येण्याजाण्यासाठी मोकळी. जुन्या टेंटमध्ये ती दुपार कशी गेली असती याचा विचारही नको वाटतो. स्टोव्ह मात्र पडवीतही लावला नाही, पाऊस थांबेपर्यंत चिवडा आणि लाडू खाल्ले. बंद कापडाखाली ज्योत आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही जिवावर बेततात, आणि जागा मोठी आहे म्हणून हा धोका टळत नाही.

जूनमध्ये काजवे बघायला पुन्हा भंडारदरा परिसरात गेलो आणि मध्यरात्री वळवाची जोरदार सर आली. पाणी आत आलं नाही, पण दुसरा दोष दिसला. नायलॉन ओलं झालं की सैल पडतं, आणि या टेंटच्या फ्लायचे तुकडे मोठे असल्याने झोळही मोठा पडतो. तासाभरात फ्लाय इनरला टेकायला लागला. बाहेर जाऊन सगळ्या दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागल्या. आता पावसाची शक्यता असली की झोपण्याआधी एकदा ताणून घेतो. पॉलिएस्टरचा फ्लाय इतका सैल पडत नाही, पावसाळी भागात जास्त फिरणाऱ्यांनी ते बघावं.

त्या रात्रीनंतर एक चूक झाली. टेंट ओलाच गुंडाळून आणला आणि दोन दिवस पिशवीत राहिला. इनरच्या एका कोपऱ्यात बुरशीचे काळे ठिपके आले, ते अजून पूर्ण गेलेले नाहीत. आपल्या दमट हवेत पॉलियुरेथेनचा लेप असलेलं कापड ओलसर राहिलं तर काही वर्षांत चिकट होतं, वास मारायला लागतं आणि लेप सुटतो. हा टेंट वाळवायला आमच्या बाल्कनीत मावत नाही, गच्चीत न्यावा लागतो. घेताना हाही विचार करा. पिशवीत न ठेवता आता तो कपाटात सैलसर उशीच्या अभ्र्यात ठेवते.

खाली घालायला कंपनीचा वेगळा तुकडा मिळत होता, पण महाग. आम्ही पातळ ताडपत्री आणून 210 बाय 160 कापली, तळापेक्षा सगळीकडून 5 सेंटीमीटर लहान. मोठी ठेवली तर फ्लायवरून ओघळलेलं पाणी ताडपत्रीवर साचून तळाखाली शिरतं. एक पोल जोडाजवळ चिरला होता, सोबत आलेली दुरुस्तीची नळी सरकवून वर टेप गुंडाळला, तो अजून चालतो आहे. चेन धुळीने अडकायच्या, जुन्या टूथब्रशने साफ केल्यावर नीट.

कळसूबाई-हरिश्चंद्रगड हा अभयारण्याचा भाग आहे आणि काही गडांवर मुक्कामाला मनाई असते, तेव्हा टेंटचं माप ठरवण्याआधी तो लावू देणार आहेत का हे गावात किंवा वनखात्याकडे विचारून घ्या.

कुणी काय घ्यावं? एकट्याने फिरणाऱ्याने, दीड किलोच्या आत मिळत असेल तर, दोन माणसांचा घ्यावा. एका माणसाच्या टेंटमध्ये सॅक बाहेर ठेवावी लागते आणि आपल्याकडे माकडं आहेत. दोघंही साडेपाच फुटांच्या आतले, मॅट 51 च्या, तर तळ 125 ते 130 रुंद आणि दोन दारं असलेला दोन माणसांचा टेंट पुरेल, पण पायाकडची रुंदी विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. दोघांतला एक जरी उंच किंवा रुंद असला, किंवा मूल सोबत असलं, तर सरळ तीनचा. चार माणसांचा मात्र पाठीवर न्यायचा असेल तर नको. एकदा मैत्रिणीचा रतनगडावर नेला होता. तो लावण्याएवढी सपाट जागा मिळेना आणि आम्ही गुहेत झोपलो.

लेक आता 138 सेंटीमीटर आहे आणि बाबांवर गेली आहे. लांबीचा प्रश्न आणखी चार-पाच वर्षांनी येईल. माझा भाऊ सध्या टेंट शोधतो आहे, तो नवऱ्याहून दोन इंच उंच. हॉलमध्ये पुन्हा चिकटपट्टी लावून ठेवली आहे, शनिवारी तो मॅट घेऊन झोपून बघायला येणार आहे.