घरचा फोन की वस्तीचा टॅब? गावातल्या मुलांना शिकण्याचे खेळ द्यायचे तर कशावर?

गावात मुलांसाठी शिकण्याचे मोबाईल खेळ सुरू करायचे म्हटलं की चर्चा लगेच कुठलं ॲप चांगलं यावर जाते. माझ्या मते यंत्र कुणाच्या हातात राहणार, हे आधी ठरवायला हवं. शिक्षक असा, ग्रामपंचायत सदस्य असा किंवा एखाद्या संस्थेत काम करत असा, तुमच्यापुढे साधारण दोन वाटा असतात. एक म्हणजे घरोघरी असलेल्या फोनवर खेळ टाकून द्यायचा. दुसरी म्हणजे वस्तीसाठी टॅब घ्यायचा आणि मुलांचे छोटे गट करायचे. शिक्षणात काम करणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेने ही दुसरी वाट महाराष्ट्रातल्या गावांतही चालून पाहिली आहे.

घरच्या फोनची बाजू वरवर भक्कम वाटते. यंत्र विकत घ्यायचं नाही, जपायचं नाही. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची देशभर पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालानुसार २०१८ साली शाळेत जाणाऱ्या ग्रामीण मुलांपैकी ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, २०२० मध्ये हा आकडा ६१.८ वर गेला आणि पुढेही वाढतच राहिला. पण फोन घरात आला म्हणजे मुलीच्या हातात आला असं होत नाही. २०२३ च्या ‘असर’मध्ये १४ ते १८ वयोगटातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी फक्त १९.८ टक्क्यांकडे. लहान मुलांना तर घरातल्या मोठ्यांचाच फोन मिळणार. तो दिवसभर वडिलांबरोबर रानात नाहीतर कामावर असतो. संध्याकाळी घरी येतो तेव्हा मुलगी भांडी, पाणी, धाकटी भावंडं यांत अडकलेली असते आणि भाऊ मोकळा असतो. तिचा नंबर लागेपर्यंत दिवसाचा डेटा संपलेला असतो.

त्यातही आवाजाचा प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो, आणि त्याकडे फारसं कुणी बघत नाही. शिकण्याचा खेळ सूचना बोलून देतो, बरोबर उत्तराला टाळ्या वाजवतो. शेजारच्या खोलीतल्या आजीला तो अभ्यास वाटत नाही, खेळ वाटतो. २०२४ च्या ‘असर’मध्ये १४ ते १६ वयाच्या, फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो हाती घेणारी ५७ टक्के होती, समाजमाध्यमांसाठी घेणारी ७६ टक्के. म्हणजे आजीचा संशय अगदीच निराधार नाही. ओरडा नको म्हणून मूल आवाज बंद करतं आणि मग खेळातलं शिकवणंच बंद होतं. कानात हेडफोन घातले तर मुलीबद्दल वेगळीच कुजबुज सुरू होते. गूगलच्या ‘रीड अलाँग’सारख्या वाचन शिकवणाऱ्या ॲपला तर मोठ्याने वाचून दाखवावं लागतं. घरात चुलत्यांसमोर, आल्यागेल्यासमोर अडखळत वाचणं नऊ-दहा वर्षांच्या मुलीला किती जड जातं, हे तिलाच ठाऊक.

टॅबवर हे ओझं हलकं होतं, कारण सगळीच मुलं मोठ्याने बोलत असतात आणि तो फोन नसल्यामुळे कुणाशी बोलतेस असं कुणी विचारत नाही. पण तिथे दुसरी उतरंड उभी राहते. सगळ्यात मोठा मुलगा बोट चालवतो आणि बाकीचे मान लांब करून बघतात. टॅब कुणाच्या ओट्यावर ठेवता, यावर कोण येणार हे ठरतं. वरच्या आळीतल्या घरी ठेवलात तर खालच्या वस्तीतलं पोर उंबऱ्याबाहेरच थांबेल, आणि त्याला थांब म्हणण्याचीही कुणाला गरज पडणार नाही. म्हणून समाजमंदिर किंवा अंगणवाडी चांगली, आणि सांभाळणारी व्यक्ती शक्यतो बाईच असावी. तशी ताई असली की आया मुलींना सहज पाठवतात. टॅब कुणाच्या हातात, हे घड्याळ लावून बदलावं. ते नुसतं मुलांवर सोडू नये.

गावाचा नियम दोन्ही वाटांना लागू होतो. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सीच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. अशा गावात घरच्या फोनवर खेळ देणं म्हणजे पोराला नियम मोडायला लावणं. टॅबसाठी मात्र ग्रामसभेत मोकळेपणाने वेळ मागता येते, कारण तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वापरला जातो. वेळ मागून तर बघा. मुलांच्या काळजीपोटी नियम करणारं गाव ऐकून घेईल, असं मला मनापासून वाटतं.

खर्च आणि दुरुस्तीत टॅब मागे पडतो, यात वाद नाही. काच फुटली तर भरून कोण देणार, हे पहिल्याच बैठकीत ठरवून ठेवा, नाहीतर तो कपाटात कुलपाआड जातो.

मला निवडायचं झालं तर आठ वर्षांच्या पुढच्या मुलामुलींसाठी मी टॅब निवडेन, मुलींसाठी तर नक्कीच. त्याहून लहान मुलांसाठी आईचा स्वतःचा फोन असेल तर तोच बरा. मूल तिच्या मांडीवर बसून खेळतं आणि तिलाही त्यात काय आहे ते दिसतं. खेळ कोणताही असो, तो नेट नसताना चालायला हवा. आवाज बंद असतानाही चित्रांवरून कळणारा मिळाला तर आधी तो घ्या.

मात्र ऊसतोडीला जाणारी घरं असतील तर हे गणित उलटतं. दिवाळीच्या आगेमागे कुटुंब कोयता घेऊन निघालं की उन्हाळा लागेपर्यंत परतत नाही. टॅब गावातच राहतो आणि पोर फडात. त्या मुलांसाठी निघण्याच्या आठवड्यात घरच्याच फोनवर सगळे धडे उतरवून द्या आणि चालू कसं करायचं, ते आईला शिकवा.