कोकणातल्या घरासाठी : खांबावरचं फायबर की सिमचा राउटर?

गुहागर-दापोलीकडे घरून काम करायचं किंवा होमस्टेला वायफाय द्यायचं, की हा पेच पडतोच. जाहिरातीतले एमबीपीएस सोडा, पावसाळ्यात काय टिकतं ते बघा.

फायबरमधल्या सिग्नलला पावसाचं काही नसतं. तुटते ती केबल. माडाची झावळी पडली की घरातल्या फायबरच्या यंत्रावर लाल एलओएस (सिग्नल तुटल्याचा) दिवा, आणि लाइनमन येईपर्यंत वाट बघणं. जून 2020 च्या निसर्ग वादळात तर खांबच आडवे झाले. दिवा हिरवा असूनही नेट रखडत असेल तर कंपनीला ऑप्टिकल पॉवर, म्हणजे यंत्रापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, विचारा. ती डीबीएममध्ये मोजतात. ती उणे 27 डीबीएमपेक्षा खाली असेल तर सांधा खराब किंवा केबल कुठेतरी दुमडलेली. वीज गेल्यावर 12 व्होल्टचा छोटा यूपीएस राउटर चालवतो, अर्थात कंपनीच्या टोकालाही बॅकअप असेल तरच.

सिमच्या राउटरला केबल नाही, खर्च यंत्राचा आणि रिचार्जचा. पण जांभ्याच्या जाड भिंती सिग्नल खातात, म्हणून तो टॉवरकडच्या खिडकीत ठेवा. मे महिन्यात पर्यटक आले की टॉवरवर गर्दी होऊन वेग कोसळतो.

शिवाय सरकारी इंटरनेटबंदी बहुधा मोबाइल डेटावरच येते. 2024 च्या नियमांनुसार एक आदेश 15 दिवसांपर्यंत चालू शकतो.

रोजचे व्हिडिओ कॉल किंवा होमस्टे असेल तर फायबर घ्या, जोडीला एक प्रीपेड सिम. गणपती आणि मे महिन्यापुरतं उघडणाऱ्या घराला सिमचा राउटर पुरे.